आसामच्या गारा

"खोटं! सपशेल खोटं! म्हने राजस्थानात धुळीचं वादळ! कोनं पाह्यलं? तू गेलतीस काय पाहाले? तुह्या तर कपाळावरची बटसुद्धा हालून नाही राह्यली!"

विदर्भाच्या टोकाला असलेल्या ढाणकीच्या बाजारपेठेत, सकाळी सात वाजता, एका किराणा दुकानाच्या आतून हा आरडाओरडा चालू होता, आणि तो टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईला उद्देशून होता. ओरडणाऱ्याच्या एका हातात साखरेचं माप, दुसऱ्या हातात कागदाचा पुडा आणि समोर साखरेसाठी ताटकळलेलं गिऱ्हाईक. त्या गिऱ्हाइकाचा चहा तिकडे घरी आटून आटून काढा झाला असेल. पण देशाचं हवामान संपेपर्यंत ते माप वाकणार नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. काश्मिरातला बर्फ, केरळातली सर, आसामातला मुसळधार, ओडिशातली उकाड्याची लाट, असं जे जे त्या बाईने सांगितलं ते ते काकांनी उभ्या उभ्या नामंजूर केलं. मग साखर दिली.

त्यांना सगळे काकाच म्हणत. नाव होतं, दुकानाच्या पाटीवर ठळक रंगवलेलंही होतं. पण ते इथे लिहायला जावं तर काका जिथे असतील तिथून ओरडतील, "हा मीच कशावरून?" म्हणून राहू द्या.

माझं दुकान त्यांच्या अगदी समोर. पंपाच्या जळलेल्या मोटारी मी दुरुस्त करतो. मोटार उघडून बसलं की मान खाली आणि कान रिकामे, त्यामुळे काकांचं जे काही मी सांगणार आहे ते सगळं या दोन कानांनी ऐकलेलं आहे. थोडंफार माझं मिसळलं असेल. भजी बेसनाशिवाय होत नाहीत.

संशय हा काकांचा श्वास होता. मांजर आडवं गेलं तर लोक थांबतात, काका मांजराला विचारत, "कोनं पाठोलं तुले?" डोळ्यांच्या डॉक्टरने तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली, तर म्हणाले, "आधी तुमी वाचा." स्वतःच्या दुकानातून घरी साखर न्यायची असली तर ती शेजारच्या दुकानात मोजून घेत. काकू सांगायच्या की लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा या माणसाने खाली वाकून पलीकडे पाहिलं होतं, मुलगी ठरवलेलीच आहे ना म्हणून. भटजी मंगलाष्टकं विसरला होता.

पण या सगळ्या किरकोळ लढाया. महायुद्ध होतं ते देशाच्या हवामानाशी.

"मले सांगा," काका माझ्या दुकानाच्या बाकावर येऊन बसत आणि मांडी घालून म्हणत, "देश केवढा? एका टोकाले मानूस दात वाजवते, दुसऱ्या टोकाले बनियन पिळते. अशा देशात मी म्हटलं का उद्या पाऊस पडन, तं कुठं ना कुठं पडनच नं! हे कसलं भाकीत? तळ्यात दगड मारायचा अन् म्हनायचं, पाह्य, पान्याले लागला!"

दोन शब्दांवर त्यांचा जन्माचा राग होता. एक 'शक्यता' आणि दुसरा 'तुरळक'. टीव्हीवर 'तुरळक ठिकाणी' आलं की काका स्टुलावरून उठत. "तुरळक म्हंजे कोनाच्या घरी? गाव सांग! गल्ली सांग! कोनाच्या आंगनात पडन ते सांग, मंग मी तुले मानतो!"

आता तुम्ही म्हणाल, संशय तर आम्हीही घेतो. पेपर वाचताना घेतो, जावयाचा घेतो. खरं आहे. पण आपण संशय घेतो आणि जेवून झोपतो. काकांनी पंचनामा सुरू केला.

त्याचं असं झालं की एकदा मोबाईलचं बोलणं फुकट झालं. काका दुकानात बसल्या बसल्या मालाकडे बघत होते, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या फळ्यांवर सारा भारत बसला आहे. चहा आसामचा. पापड राजस्थानचा. खोबरेल केरळचं. मीठ गुजरातच्या किनाऱ्याचं. दिवाळीत उरलेले फटाके तामिळनाडूचे. आणि प्रत्येक पुड्यावर, खोक्यावर, बाटलीवर बारीक अक्षरात छापलेला एक फोन नंबर: तक्रारीसाठी संपर्क करा.

तक्रार तर होतीच.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता काका गल्ल्यावर ठाण मांडत, चष्मा कपाळावर चढवत आणि एकेक पुडा डोळ्यांपाशी धरून नंबर फिरवत. फोन स्पीकरवर असे, कारण एका कानावर त्यांचा भरवसा नव्हता. सकाळी बाईने जे जे सांगितलं ते ते संध्याकाळी साक्षीदाराकडून तपासायचं आणि मग दुकानाच्या पायरीवर उभं राहून निकाल द्यायचा. अख्खी गल्ली ऐके. "गुजरात, खरं! तामिळनाडू, खोटं! आसाम, निव्वळ खोटं!"

फटाक्याच्या कारखान्यातला माणूस आणि मिठागरावरचा माणूस हे त्यांचे पसंतीचे साक्षीदार. "फटाकेवाला अन् मीठवाला पान्याच्या बाबतीत खोटं बोलनार नाही," काका सांगत. "दोघाईचं पोट पान्यानं फुटते." मिठागरवाला तर हळूहळू उलटा फोन करू लागला. त्याला ढाणकीत काय चाललंय ते हवं असे. कशाला, ते त्या दोघांनाच ठाऊक.

पण साक्षीदारांमधला हिरा म्हणजे आसाम.

पहिला फोन मी स्वतः ऐकला आहे. पलीकडे एक पोरगी.

"जी सर, चाय के बारे में क्या शिकायत है?"

"चाय फस क्लास है. पानी गिरा क्या?"

"जी?"

"पानी, पानी. बारिश. टीव्हीवाली बोली तुम्हारे इधर मुसळधार है. जरा खिडकीसे बाहर देखो और बोलो."

पलीकडे मग खुर्ची सरकल्याचा आवाज, चपलांचा आवाज, आणि थोड्या वेळाने पुन्हा खुर्ची.

"नहीं सर. धूप है."

"खुद देखा?"

"जी सर. खुद देखा."

काकांनी फोन ठेवला आणि चहाचा पुडा हातात घेतला. "उठून पाह्यलं तिनं," ते मला म्हणाले. "उठून! अन् आपल्या गावात भाव इचारला तं लोक मान वर नाही करत."

तेव्हापासून तीन वर्षं आसामचा फोन कधी चुकला नाही. पोरगीही तयार झाली. "सर, आज हल्के बादल हैं, पर कपड़े सूख रहे हैं," असं तपशीलवार सांगू लागली. आसामचं भाकीत मात्र धडाधड खोटं पडत होतं. टीव्ही म्हणे मुसळधार, पोरगी म्हणे ऊन. टीव्ही म्हणे पूर, पोरगी म्हणे लू चल रही है सर. काकांचा विजय दिवसेंदिवस फुगत चालला. "आसामच्या नावावर किती वर्षापासून पान्याचा खोटा हिशेब चालू हाये, भगवंताले माहीत!"

इकडे गावाचा संशय काकांवर. किराणेवाल्याला देशभरच्या पावसाशी काय घेणं? कोणी म्हणे पावसावर सट्टा लावतो. कोणी म्हणे हळदीचा भाव पाडायचा डाव आहे. एक जण तर छातीठोकपणे सांगत होता की काका दिल्लीचा माणूस आहे आणि मुद्दाम ढाणकीत पेरला आहे. आमच्या गावात साठ वर्षं राहून, इथेच लग्न करून, इथेच टक्कल पडून घेऊन पेरलेला! पण संशयाला शेंडा बुडखा लागत नाही.

सगळ्यात भारी संशय काकूंचा. एके दिवशी वाटीभर चिवडा घेऊन त्या माझ्या दुकानात आल्या.

"भाऊ, एक सांगा. पाच वाजले का ह्या मानसाचा आवाज लोन्यावानी काहून होते?"

"हवामान विचारतात, काकू."

"हवामान मह्यापाशीबी हाये. चाळीस वर्षात मले नाही इचारलं, तुह्याइकडं ऊन हाये का ढग हाये म्हनून. कोन हाये ते आसामवाली?"

"चहाच्या कंपनीतली मुलगी आहे."

"तेच तं. तुमी समोर बसता, कान ठेवा."

मी कान ठेवले. हेरगिरीचा मोबदला म्हणून रोज वाटीभर चिवडा मिळत गेला आणि मी त्या वाटीच्या आकाराप्रमाणे बातमी कमीजास्त करत गेलो. शेव जास्त असली तर "आज दोनदा हसले" असंही सांगत असे.

एवढ्या संशयाच्या बाजारात काकांवर बिनशर्त विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं. सुजातामावशी.

मावशीच्या नवऱ्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पट्ट्याने घेतलेल्या रानात ती हळद लावायची. आता हळदीचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हळद काढली, शिजवली, की ती ओली हळकुंडं उघड्या मैदानात पसरून पंधरवडाभर कडक उन्हात वाळवायची. या दिवसांत पाऊस लागला की माल काळवंडतो, बुरशी धरतो, व्यापारी नाक मुरडतो. मग रोज गोळा करून ताडपत्रीखाली झाकून ठेवावी म्हणाल, तर ओली हळद आत घामेजते आणि तशीही बिघडते. म्हणजे झाकलं तर आतून मरण, उघडं ठेवलं तर वरून. शिवाय ते मैदानभर सोनं गोळा करायचं म्हणजे चार बायांची कंबर मोडायची.

मावशी हळद वाळवायची ती काकांच्या दुकानामागच्या पटांगणात. रोज संध्याकाळी, फोन झाले की, ती पायरीशी येऊन उभी राही.

"जयभीम काका. उचलू का राहू देऊ?"

आणि काका, ज्यांचा देशाच्या हवामानखात्यावर विश्वास नव्हता, ते सगळे साक्षीदार मनात जुळवून सांगत, "राहू द्या." नाहीतर, "उचला." आणि मावशी तसं करी. एकदाही "कशावरून?" म्हणाली नाही. त्या वर्षी तिच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं आणि ते वर्ष त्या पटांगणात पसरलेलं होतं. काकांना ते माहीत होतं. मावशीला उत्तर देताना त्यांचा आवाज कधी चढला नाही, हे मी काकूंना सांगितलं नाही. ते चिवड्याच्या करारात बसत नव्हतं.

मार्च उतरणीला लागला होता. सकाळी टीव्हीवरची बाई म्हणाली, मराठवाड्यात आणि विदर्भात तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह गारपिटीची शक्यता. एकाच वाक्यात तुरळकही आणि शक्यताही! काका इतके चिडले की त्यांनी टीव्हीला पाठ करून तूरडाळ मोजली.

दुपार झाली. आभाळ घासलेल्या परातीसारखं. कावळ्याच्या पंखाएवढाही ढग नाही. इतकं ऊन की माझ्या दुकानातल्या मोटारी बिनविजेच्या फिरतील असं वाटावं. मावशी त्या दिवशी लवकरच आली, चार वाजता. बायांनीही ऐकलं होतं, त्या घाबरल्या होत्या.

"काका, लोकं गारा म्हनून राह्यले. उचलू का राहू देऊ? तिसराच दिवस हाये, लय ओली हाये."

"थांबा. साक्षीशिवाय काही नाही," काका म्हणाले आणि त्यांनी दरबार लवकर भरवला.

मीठवाला: कोरडं. फटाकेवाला: कोरडं, वर एक शिवी उन्हाला. केरळच्या खोबरेलचा नंबर लागेना. राजस्थानच्या पापडाचा उचलेना. मग आसाम.

"बेटी, बादल है क्या?"

"सर, आज तो पूछिए मत," पोरगी म्हणाली, आणि तिच्या मागे पत्र्यावर कोणी तूर ओतावी तसा आवाज. "ओले गिर रहे हैं सर! इतने बड़े बड़े!"

काकांनी विजयाने छाती फुगवली, फोनवर हात ठेवला आणि गल्लीकडे वळून निकाल दिला. "आसाम, गारा! सारा माल तिकडं खाली होऊन राह्यला. आपल्या इकडं काय राह्यलं मंग? मावशी, राहू द्या!"

मावशी वळली. पटांगणाकडे चालायला लागली. मी पाहिलं, तिचे खांदे खाली आले, माणूस निर्धास्त झाल्यावर येतात तसे.

आणि तेवढ्यात फोनमधून, फोनपासून तोंड लांब करून मारलेली हाक आली. "अगं ए, ती खिडकी लाव की! सगळ्या गारा आत यायल्यात!"

काकांचा हात तसाच राहिला.

"बेटी," ते म्हणाले, "तू आता काय बोलली?"

"जी सर? कुछ नहीं सर."

"आसाममंदी मराठीत कोन बोलते?"

तिकडून खिडकी आपटल्याचा आवाज.

"कुठून बोलतेस तू?"

"सर, लोकेशन बताना अलाउड नहीं है, सर."

"बाई!" काका उभे राहिले. मी त्यांना टीव्हीवर ओरडताना हजारदा ऐकलं होतं, पण हा आवाज वेगळा होता. "मले तुह्या कंपनीचं लोकेशन नाही पाह्यजे, गारेचं पाह्यजे! इथं एका बाईची हळद उघडी पडली हाये. मी तिले राहू द्या म्हटलं. तुह्या भरवशावर म्हटलं. सांग!"

तिकडे गारांचा आवाज, आणि त्या आवाजात, अगदी बारीक, "काका... नांदेड."

आता इथे दुसरा कोणी असता तर धावत सुटला असता. पण स्वभावाला औषध नसतं. काका म्हणाले, "कोनतं नांदेड?"

"गोदावरीचं, काका! एकच आहे!"

मग मात्र काका पळाले. गुडघ्यांनी ज्यांना पाच वर्षांत जिना चढू दिला नव्हता ते काका दुकानाच्या तिन्ही पायऱ्या एका उडीत उतरले. गल्ला उघडा. दुकान उघडं. फोन तसाच चालू. ज्या माणसाने संडासला जातानाही गल्ल्याची किल्ली तोंडात धरली, त्याच्या दुकानात त्या दिवशी कोणीही शिरून तराजू घेऊन गेलं असतं.

"मावशी! उचला! उचला हो! नांदेडले पडून राह्यल्या!"

नांदेड आमच्यापासून एसटीने दोन तास, पण गारांना हदगावला थांबावं लागत नाही. अख्खी गल्ली पटांगणात उतरली. फावडी आली, घमेली आली, मी मोटारीचे पत्रे घेऊन धावलो. काकांनी दुकानातली रिकामी पोती आणली, मग भरलेली पोती रिकामी करून आणली. गहू कुठे, तांदूळ कुठे, बघायला वेळ नव्हता. काकूंनी गादीवरचं प्लास्टिक ओढून काढलं. आमचं मघाचं घासलेलं आभाळ दक्षिणेकडून काळं व्हायला लागलं, आणि मग असा वारा सुटला की माझी टोपी अजून सापडलेली नाही. ती बहुतेक आसामात असेल.

पहिली गार पडली तेव्हा एका कोपऱ्यातला ढीग तेवढा उघडा होता. ताडपत्री पुरेना. काका त्या ढिगावर पालथे पडले. हात पसरून, कोंबडी पिल्लांवर बसते तसे. गारा लिंबाएवढ्या होत्या. मी गावात नारळाएवढ्या सांगतो, पण इथे लिहून ठेवायचं म्हणून लिंबाएवढ्या. काकू घरातून पितळी पातेलं घेऊन आल्या आणि त्यांनी ते काकांच्या टकलावर उपडं घातलं, आणि स्वतः वर परात धरून बाजूला बसल्या. ठण्ण ठण्ण ठण्ण. देवळातल्या आरतीला एवढा नाद नसतो. त्या नादात काकू ओरडून विचारत होत्या, "कोन होती ते? कोन होती?"

"नांदेडची निघाली!" मी ओरडलो.

काकूंचा चेहरा परातीखाली काळवंडला. "नांदेडची? म्हंजे एसटीनं जाऊन येनं होते!"

तो कोपरा भिजला. बाकीची हळद वाचली. मावशीने गारा थांबल्यावर एकेका ढिगावरचं झाकण उचलून हात आत घातला आणि कोरडा हात बाहेर काढला. प्रत्येक वेळी तिने तो हात काकांना लांबून दाखवला. काका पातेलं डोक्यावर तसंच ठेवून चिखलात बसले होते.

दुसऱ्या दिवशी काका टीव्हीवर ओरडले नाहीत. माझ्या बाकावर येऊन बसले, कपाळावर टेंगूळ घेऊन. मला वाटलं, फसवणुकीचा राग असेल. तीन वर्षं आसामचे निकाल नांदेडच्या खिडकीतून लागत होते! ज्याने जगातल्या प्रत्येक गोष्टीला "कशावरून?" विचारलं, त्याने पुड्यावर आसामचं नाव छापलेलं बघून, कुठून बोलतेस एवढं मात्र कधी विचारलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे पोरगी एकदाही खोटं बोलली नव्हती. खिडकीतून जे दिसलं ते सांगितलं. त्यांनी विचारलं तेवढंच सांगितलं.

"म्हणजे काका," मी खोडी काढली, "आसामात खरंच पाऊस पडत होता की काय?"

"पडत असन," ते म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. ते पाचची वाट बघत होते.

पाच वाजता चहाचा नंबर लावला तर वेगळाच आवाज. दुसऱ्या दिवशी पुन्हा वेगळा. काकांनी 'ती मुलगी' म्हणून विचारलं तर "कौन सी, सर?" नाव काकांना माहीतच नव्हतं. मग "हाबी तिथलाच नसन कशावरून?" म्हणत त्यांनी चिडून पापडाचा नंबर लावला, राजस्थानचा. एका तरुणाने उचलला. काका थेट मराठीतच बोलले.

"बावा, तुह्याजवळ चहावाली पोरगी बसत होती काय?"

तिकडून हळू आवाजात, "हो काका. बाजूच्याच खुर्चीवर. खोबरेलवाला आमच्या समोरच बसतो."

घ्या! आसाम, राजस्थान आणि केरळ एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली, बहुधा एकाच डब्यातून जेवत होते. आमच्या काकांचा अर्धा देश नांदेडच्या एका मजल्यावर मावत होता. मी पोट धरून हसलो. काका हसले नाहीत.

"बसत होती म्हनतोस. आता काहून नाही बसत?"

"सर," तो तरुण एकदम हिंदीत शिरला, मागे कोणी येऊन उभं राहिल्यासारखा, "और कोई सहायता कर सकता हूँ?"

काकांनी फोन ठेवला. "सांगायची मनाई होती," ते म्हणाले. "मी सांगाले लावलं. तिची खुर्ची गेली."

"कशावरून? सुट्टीवर असेल, लग्न ठरलं असेल," मी म्हणालो. बघा, संशय घेणारा मी झालो होतो.

ते माझं ऐकत नव्हते. त्यांनी सहा दिवस फोन केले, सहा दिवस वेगवेगळे आवाज ऐकले, आणि एकाही आवाजाला पावसाचं विचारलं नाही. मिठागरवाल्याचा फोन आला तोही वाजू दिला.

काका जाऊन आता दोन पावसाळे झाले. दुखणं अंगावर काढलं, कारण औषधावर भरवसा नव्हता. दवाखान्यात "सुधारण्याची शक्यता आहे" असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी नेमका तिथे होतो. काकांनी उशीवरून माझ्याकडे असं पाहिलं की मला बाहेर जाऊन हसावं लागलं, आणि मग तिथेच बराच वेळ उभं राहावं लागलं. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. मावशीची मुलगी पुसदला दवाखान्यात नोकरी करते. पण काका म्हटलं की मला यातलं काही दिसत नाही. मला दिसते ती हळद विकली गेल्यानंतरची एक संध्याकाळ.

मावशीने चांगली ठसठशीत हळकुंडं निवडून, एका स्वच्छ फडक्यात बांधून काकांना दिली होती. "त्या पोरीले द्या," म्हणाली. काका पहाटेच्या एसटीने नांदेडला गेले. सोबत काकूही गेल्या. त्या कशासाठी गेल्या ते सांगायला नको. परतले तेव्हा दिवस मावळत होता. काकू ताठ मानेने, फार प्रसन्न चेहऱ्याने घरात गेल्या. काका माझ्या बाकावर बसले.

"सापडली?" मी विचारलं.

"नाही."

"ती इमारत?"

"सापडली. इचारत इचारत गेलो. चार माळ्याची हाये. बाहेर वॉचमन. कोनाले भेटाचं म्हने. म्हटलं, एका पोरीले. नाव काय? म्हटलं, माहीत नाही. काम काय? म्हटलं, हळद द्याची हाये." काकांनी गुडघा चोळला. "त्यानं मले वरून खालपर्यंत पाह्यलं, भाऊ. मंग फडकं सोडून पाह्यलं. एक हळकुंड मोडून पाह्यलं. असं मले आजवर कोनी पाह्यलं नोतं."

"मग? आत सोडलं?"

"नाही सोडलं."

"आणि हळद? परत आणली?"

"त्याच्यापाशी देली."

माझ्या हातातला पाना खाली पडला. "वॉचमनपाशी? काका, अहो काका! नाव ना गाव! ती पोरगी तिथे आहे की नाही ठाऊक नाही, तिचं नाव त्याला ठाऊक नाही, तुम्हालाही ठाऊक नाही! तो ती हळद घरी नेईल, वर्षभर वरणात टाकेल आणि तुमच्या नावाने ढेकर देईल! त्याचं नाव तरी विचारलं? फोन नंबर घेतला? तो ती तिला देईल हे कशावरून?"

काकांनी एक पाय वर घेतला, चप्पल काढली, तिच्यातला खडा झटकला आणि चप्पल पुन्हा घातली.

"देतो म्हनला," ते म्हणाले.